अष्टपैलू उम्रीगर आणि आमचे कपाट
(ज्ञातिमंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणवंतांच्या सत्कारप्रसंगी आम्ही क्रिकेटवर बोलावयास उभे राहिलो, याचे कित्येकांस नवल वाटेल. आमचे जुने विद्यार्थी तर मनात हसत असतील. कारण मुलांच्या बॅटी जप्त करून कपाटात कोंडणारे मास्तर ते आम्हीच!

पहलन रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर यांचा जन्म 28 मार्च 1926 रोजी आपल्या सोलापुरात झाला. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. मुलगा शाळेत असतानाच कुटुंब मुंबईस गेले आणि सोलापूरचा पॉली मुंबईचा झाला. ते 59 कसोटी सामने खेळले. त्यांत 3631 धावा आणि 12 शतके केली. 1955 साली हैदराबादेस न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी काढलेल्या 223 धावा हे कसोटीतील पहिले भारतीय द्विशतक होय.

हे पुष्कळांस ठाऊक असते. आम्हांस मोल वाटते ते दुसऱ्याच आकड्यांचे. कसोटीत त्यांना बळी मिळाले अवघे 35. परंतु प्रथम श्रेणीच्या सर्व सामन्यांत मिळून 325! म्हणजे 290 बळी त्यांनी रणजी करंडकात, दौऱ्यांवरील किरकोळ सामन्यांत, जेथे टाळ्या थोड्या आणि ऊन फार अशा ठिकाणी मिळविले. मुंबईने 1958-59 पासून सलग 15 वर्षे रणजी करंडक जिंकला. त्या पर्वाच्या आरंभीच्या संघांत फलंदाजी करून पुन्हा चेंडू हाती घेणारे उम्रीगर होते. अष्टपैलू म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचे कामही आपलेच मानणारा, असा अर्थ आम्ही लावतो. कोशात तो नसेल.

अपयश त्यांनाही चुकले नाही. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यात ट्रूमनच्या वेगापुढे त्यांची दैना झाली; कसोटीच्या 7 डावांत 43 धावा. आमच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही 'अनुत्तीर्ण' लिहून मोकळे झालो असतो. सात वर्षांनी त्याच इंग्लंडमध्ये, मँचेस्टरच्या कसोटीत, त्यांनी 118 धावा केल्या.

आणि एप्रिल 1962 मधील पोर्ट ऑफ स्पेन! वय 36. वेस्ट इंडीजच्या डावात 107 धावांत 5 बळी, मग 56 धावा, आणि फॉलोऑननंतर नाबाद 172. सामना भारताने गमावला तो गमावलाच. तरी पराभवात एकट्याने इतके ओझे वाहिल्याचे उदाहरण आम्हांस दुसरे चटकन आठवत नाही.

आता आमची गोष्ट. तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. डावाची सुरुवात तो करी, गोलंदाजीही तोच करी. पुण्यास निवड चाचणीसाठी जावयाचे म्हणून त्याचे वडील सल्ला विचारावयास आले. आम्ही म्हणालो, "दहावीचे वर्ष आहे, पाठवू नका." त्यांनी ऐकले. मुलगा पुढे नोकरीस लागला, सुखात आहे; भेटला की वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांस जड जातो.

सोलापुरातच जन्मलेला अर्शीन कुलकर्णी 2023 साली, अठराव्या वर्षी, महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या एका सामन्यात 54 चेंडूंत 117 धावा काढून त्याच सामन्यात 4 बळी घेतो, हे वाचले त्या दिवशी आम्हांस तो मुलगा आठवला आणि जेवण गोड लागले नाही.

मंडळाच्या शिष्यवृत्तीस आज शेकडा गुणांखेरीज दुसरी पात्रता नाही. हा नियम आम्हीच चिटणीस असताना लिहिला. त्यात खेळाडू मुलामुलींच्या पुण्यातील प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च घालावा, अशी दुरुस्ती आम्ही अध्यक्षांकडे लेखी दिली आहे. तिच्यासोबत आमच्या निवृत्तिवेतनातून 5001 रुपये ठेवले आहेत. कपाटातील तीन बॅटी घरी आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी न्याव्यात.