यंत्रासाठी सही करणारे आपण



सॉफ्टवेअर आणि डिझाइनच्या धंद्यातल्या आपल्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचं पत्र आलं तेव्हा भाषणाला कोणता विषय घेऊ, असं मी घरात विचारलं. 'आपल्या कामातली नैतिक जबाबदारी' हा विषय मनात होता. पत्नी म्हणाली, "मग त्या पिग्मीवाल्या काकांचं सांगणार ना?" एवढ्या वर्षांनंतरही तिला ते आठवतं, याचा मला राग आला. म्हणून तिथूनच सुरू करतो.

साल 1998. मी ज्या कंपनीत होतो ती पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवायची. पिग्मी एजंटाच्या हातात एक छोटं यंत्र असे. दुकानोदुकानी फिरून गोळा केलेले दहा-वीस रुपये त्यात टिपायचे, संध्याकाळी शाखेत येऊन ते संगणकाला जोडायचं आणि दिवसभराच्या नोंदी उतरवून घ्यायच्या. नोंदी उतरल्या की यंत्र कोरं. हा उतरवून घेण्याचा प्रोग्रॅम माझा होता. एका तालुक्याच्या गावच्या एजंटाचा हिशेब सारखा चुकू लागला. संगणकातला आकडा मोठा, हातातली रोकड कमी. तूट एजंटानं भरायची, असा नियम. चार महिन्यांत त्यांनी 2,340 रुपये पदरचे भरले आणि मग एसटीनं थेट आमच्या ऑफिसात आले. सोबत शंभर पानी वही होती. पेन्सिलीनं लिहिलेली दुकानांची नावं, रकमा, रोजची बेरीज. वही माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "साहेब, तुम्हीच बघा." मी बघितली नाही. म्हणालो, "काका, वही तुम्ही लिहिलीय. संगणकाला खोटं कशाला बोलायचंय?"

सहा महिन्यांनी दुसऱ्या गावाहून तशीच तक्रार आली तेव्हा मी कोड उघडला. नोंदी उतरत असताना वीज गेली आणि काम अर्ध्यात तुटलं, तर पुन्हा सुरू करताना आधी उतरलेल्या नोंदी मी पुसत नव्हतो. त्या दुसऱ्यांदा चढत. म्हणजे ज्या गावात वीज जास्त जायची त्या गावचा एजंट जास्त लबाड ठरत होता. दुरुस्ती चार ओळींची होती. कंपनीनं शाखांना नवी फ्लॉपी पाठवली, पत्रात 'सुधारित आवृत्ती' एवढंच लिहिलं. काकांनी तोवर काम सोडलं होतं.

ही गोष्ट मी बरीच वर्षं 'जुना बग' म्हणून विनोदानं सांगत असे. मग ब्रिटनच्या पोस्टाचं प्रकरण वाचलं आणि विनोद संपला.

ब्रिटनमध्ये 1999 पासून पोस्टाच्या शाखांत 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली गेली. ती चालवणारी कंपनी फुजित्सू. तिथल्या पुष्कळशा शाखा सबपोस्टमास्तर चालवतात. किराणा-वर्तमानपत्रांच्या दुकानातच पोस्टाची खिडकी, आणि करारात कलम असं की तूट आली तर ती यांनी भरायची. आपल्या पिग्मी एजंटाचीच अवस्था. नवी प्रणाली आली आणि हिशेबात तुटी दिसू लागल्या. लोकांनी साठवलेले पैसे घातले, घरं गहाण टाकली. ज्यांना भरता आलं नाही त्यांच्यावर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले झाले. बहुतेक खटले पोस्टानं स्वतःच चालवले. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत 900 हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, त्यांत भारतीय वंशाची एक गरोदर बाईही होती. चौकशी आयोगाचा अहवाल 2025 च्या जुलैत आला. किमान 13 जणांनी या छळापायी जीव दिला असावा, असं तो म्हणतो.

या प्रणालीतला एक दोष आपल्यापैकी प्रत्येकानं समजून घ्यावा असा आहे. मुख्य शाखेतून फिरत्या शाखेकडे रोकड पाठवताना नोंद करायची, एंटर दाबायचं. पडदा हलायचा नाही. माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. एका ठिकाणी 8,000 पौंडांची एकच रक्कम अशी चार वेळा नोंदली गेली, आणि 24,000 पौंडांची तफावत उभी राहिली. पडदा हलला नाही तर माणूस पुन्हा बटण दाबणार, हे आपल्या धंद्यातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. माझी चूक याच जातीची होती. इथं फक्त गाव मोठं होतं.

पण बग असणं हा गुन्हा नव्हे. तुमच्या कोडमध्ये आत्ता, मी बोलत असताना, बग आहेत. मला वाईट वाटतं ते पुढच्या टप्प्याचं. हेल्पलाइनला फोन करणाऱ्या सबपोस्टमास्तरांना एकामागून एक सांगण्यात आलं, की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय, बाकी कुणाची तक्रार नाही. शेकडो माणसांना एकच वाक्य, आणि प्रत्येकाला वाटलं आपणच एकटे. पूर्वी कागदावर हिशेब असताना चूक शोधायला वही उलटी-सुलटी करता येत होती. आता आतल्या नोंदी त्यांना पुरत्या दिसतही नव्हत्या. वर दूरच्या कार्यालयात बसलेल्या फुजित्सूच्या तंत्रज्ञांना शाखेच्या हिशेबात परस्पर हात घालता येत होता. तसं करता येत नाही, असं पोस्ट वर्षानुवर्षं ठासून सांगत राहिलं. 2001 ते 2004 या काळात त्या साहाय्य विभागात काम केलेला रिचर्ड रोल हा तंत्रज्ञ 2015 मध्ये बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणाला, की करता येत होतं आणि आम्ही करत होतो.

इथं थोडं विषयांतर करतो. शिवकालीन पत्रं तुम्ही पाहिली असतील. वरच्या बाजूला राजमुद्रा, आणि मजकूर संपला की खाली आणखी एक छोटी मुद्रा: 'मर्यादेयं विराजते'. इथं मर्यादा झाली. त्या मुद्रेखाली कुणी ओळ वाढवली तर ती खोटी, हे वाचणाऱ्याला डोळ्यांनीच कळे. पत्र धन्याच्या हातून सुटल्यावर वाटेत कारकुनानं, जासुदानं, किल्लेदारानं काही घुसडू नये, म्हणून केलेली ती सोय. याला मी डिझाइन म्हणतो. सतराव्या शतकातल्या मराठी कागदाला जी राखण होती, ती 1999 सालच्या ब्रिटनमधल्या करोडोंच्या प्रणालीनं आपल्या सबपोस्टमास्तरांना दिली नव्हती.

आता कायद्याकडे येतो, कारण या सभागृहातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की तो थेट तुमच्याशी बोलतो. इंग्लंडच्या 1984 च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यात कलम 69 होतं. संगणकाचा कागद फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून आणायचा, तर तो संगणक नीट चालत होता हे आणणाऱ्यानं दाखवायचं. हे फार कटकटीचं होतं म्हणून ते रद्द झालं. 2000 पासून तिथं उलटं गृहीत धरलं जाऊ लागलं: संगणक बरोबरच आहे, चूक असेल तर आरोपीनं दाखवावी. दुकानाच्या कोपऱ्यात पोस्ट चालवणाऱ्या बाईनं फुजित्सूच्या कोडमधली चूक दाखवावी! योगायोग पाहा, त्याच 2000 साली माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर आपल्या पुरावा कायद्यात कलम 65ब आलं, आणि त्यात संगणक नीट चालत होता असं प्रमाणपत्र मागितलं गेलं. त्यांनी टाकलेली अट आपण उचलली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम 63 मध्ये आहे. आता त्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते.

तो तज्ज्ञ म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी.

मला सांगा, ते प्रमाणपत्र कसं भरलं जातं? छापील नमुना येतो, संगणक व्यवस्थित चालू होता या ओळीवर खूण होते, खाली सही, शिक्का, विषय संपला. एरर लॉग कुणी उघडलेला नसतो. त्या काळात किती तक्रारी आल्या होत्या, हे कुणी विचारलेलं नसतं. पूल बांधणारा अभियंता सही करताना हात आवरतो, कारण पूल पडला तर तो दिसतो. आपला पूल पडतो तो एखाद्याच्या खात्यात, आणि खाली सापडलेला माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

आपल्याकडे चूक गृहीत धरण्याची परंपरा नव्हती, असं मात्र नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. तिचं कलम 155 लेखनप्रमादांबद्दल आहे. सातबाऱ्यावर लिहिणाऱ्याचा हात चुकला असेल तर ती नोंद दुरुस्त करण्याची वाट त्या कलमानं ठेवली. कायदा करणाऱ्यांना तलाठी माहीत होता. तो देव नाही, दिवसाला पन्नास फेरफार लिहिणारा माणूस आहे, हे धरून त्यांनी दार उघडं ठेवलं. पुढं सातबारा संगणकावर चढला. हाताच्या नोंदी बघून टायपिंग करताना क्षेत्राचे आकडे, नावं, हिस्से चुकले, तेव्हा शेतकऱ्याच्या कामाला आलं ते हेच जुनं कलम. मला विचाराल तर ज्याला ज्याला आपण 'सिस्टीम' म्हणतो त्या प्रत्येकीत एक कलम 155 असायला हवं. रेशन दुकानात ई-पॉसवर अंगठा न उमटलेल्या ऊसतोडणी कामगाराला 'मॅच होत नाही' एवढंच दाखवून पडदा थांबत असेल, तर तो पडदा काढणाऱ्यानं काम अर्धवट टाकलं आहे. कोयत्यानं झिजलेल्या बोटांची रेषा उमटणार नाही, ही काही आधी न सुचणारी गोष्ट नव्हती.

डिझाइनर मंडळी हसतायत, हा सगळा प्रोग्रॅमरांचा विषय म्हणून. त्यांच्यासाठी दोन शब्द. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला 'डार्क पॅटर्न'वर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची नावंनिशी यादी दिली. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, सदस्यत्व सोडायची वाट लपवणं. ही यादी वाचताना मला ती सरकारी वाटली नाही. आपल्याच पोर्टफोलिओतली वाटली. आधीच बरोबरची खूण केलेले ते चौकोन कुणा मंत्र्यानं काढलेले नाहीत.

नीतीच्या व्याख्यानांत बहुधा फोक्सवागेन येते. डिझेल गाड्यांत चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअर घातलं, 2015 मध्ये उघड झालं, 2017 मध्ये एका अभियंत्याला अमेरिकेत 40 महिन्यांची कैद झाली. गोष्ट खरी आहे आणि सांगायला सोपी आहे, कारण तिथं ठरवून केलेली लबाडी आहे. ऐकणारा घरी जाताना म्हणतो, मी असलं काही करत नाही. होरायझन मला जास्त जवळचं वाटतं. कुणीतरी फोनवर तेच वाक्य म्हणालं, कुणीतरी तिकीट बंद केलं, कुणीतरी साहेबाला आवडेल असा अहवाल लिहिला. ही कामं मी केली आहेत. तुम्हीही केली असतील.

विद्यार्थी मला विचारतात, सर, आम्ही ज्युनिअर. घराचे हप्ते, अप्रेझल, बेंचची भीती. आम्ही काय करणार? राजीनामा फेका, असं मी सांगणार नाही. तो सल्ला द्यायला माझं वय आणि पेन्शन सोयीची आहे. पण एक मेल लिहिता येतो. 'अमुक परिस्थितीत नोंद दोनदा चढते, मला अमुक तारखेला दिसलं.' तारीख घाला, प्रत ठेवा. ब्रिटनमधल्या ॲलन बेट्स या सबपोस्टमास्तराची खिडकी पोस्टानं 2003 मध्ये बंद केली. तो चिवटपणे कागद जमवत राहिला, 555 जणांना घेऊन न्यायालयात गेला, आणि डिसेंबर 2019 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की होरायझनमध्ये दोष होते. 2024 मध्ये ब्रिटनच्या संसदेनं कायदा करून शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. या सगळ्यात उपयोगी पडले ते आतल्या लोकांनी त्या काळात लिहून ठेवलेले कागद. बगच्या नोंदी होत्या, तारखा होत्या. त्या कुणीतरी कंटाळत का होईना लिहिल्या होत्या.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली अर्ज नाकारते आणि का नाकारला ते तिला लिहिणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. तिथंही तज्ज्ञ म्हणून सही मागायला लोक तुमच्याच दारी येतील.

तेव्हा माझं मागणं एवढंच. प्रमाणपत्रावर सही करण्याआधी त्या तारखांचे लॉग उघडा. तक्रारींचं रजिस्टर मागवा. ते दिलं नाही तर सही करू नका, आणि का केली नाही ते त्याच कागदावर लिहा. आणि कुणी समोर पेन्सिलीनं लिहिलेली वही ठेवली, तर ती उघडून बघा.