न उघडता आत पाहण्याची विद्या



आपल्या शहरातील पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. हर्सूलकडील पाणी मातीच्या बंद नळांतून आणून त्याच्या जोरावर येथे दळण दळले जाई. बंद नळातून पाणी नेताना एक अडचण नेहमीची: पाण्याबरोबर हवा शिरते, उंचवट्याच्या जागी साचते आणि वाट अडवते. बाहेरून मात्र नळ तसाच दिसतो.

औषधांच्या व रसायनांच्या कारखान्यात हाच प्रश्न मोठ्या रूपात उभा राहतो. बंद टाकीत द्रव ढवळला जातो, खालून वायू सोडला जातो. वायू सारखा पसरला नाही, तर कुठे प्रक्रिया अर्धवट राहते, कुठे उष्णता वाढते. माल वाया जातो. प्रसंगी कामगाराच्या जिवावर बेतते. टाकी उघडून पाहावी, तर कामच थांबते.

यावर १९८०च्या दशकात मँचेस्टर येथील संशोधकांनी जो मार्ग विकसित केला, तो म्हणजे विद्युत टोमोग्राफी. कलिंगड न कापता आपण चहूबाजूंनी टिचकी मारून पाहतो, तसाच हा प्रकार. टाकीच्या आतील कडेला गोलाकार १६ विद्युतअग्रे बसवतात. शेजारच्या दोन अग्रांतून सौम्य प्रवाह सोडायचा आणि उरलेल्या शेजारी जोड्यांवरचा विद्युतदाब मोजायचा. अशी फेरी पूर्ण केली की १०४ स्वतंत्र मापे मिळतात. क्षारयुक्त पाणी वीज वाहते, हवा वाहत नाही. म्हणून बुडबुडे जिकडे, तिकडची मापे बदलतात. संगणक त्यांवरून आतले चित्र रेखाटतो. तेलासारखा वीज न वाहणारा द्रव असेल, तर विद्युतधारकता मोजतात.

अग्रांची दोन कडी १० सेंटिमीटर अंतरावर बसवली आणि बुडबुड्यांचा तोच समूह दुसऱ्या कड्यापाशी ०.०५ सेकंदाने दिसला, तर त्याचा वेग सेकंदाला २ मीटर!

हे चित्र क्ष-किरणांच्या चित्राइतके रेखीव नसते. मध्यभागी तर ते अधिकच धूसर असते. पण ते सेकंदाला शेकडो वेळा घेता येते आणि किरणोत्सर्गाचे भय नसते.

पालकहो, येथे खरा डोळा गणिताचा आहे. कडेवरच्या आकड्यांतून आतले रूप शोधायचे, हे समीकरणांचे काम. म्हणून मुलगा असो वा मुलगी, गणित अवघड वाटते एवढ्यावरून त्यांचा हात त्या विषयातून सुटू देऊ नका.

विद्यार्थ्यांनो, धारकतेच्या पद्धतीत १२ पट्ट्यांच्या प्रत्येक जोडीचे एक, अशी ६६ मापे मिळतात. पट्ट्या ८ असतील, तर किती? घरी मांडून पाहा, आणि आई-वडिलांनाही समजावून सांगा.