पोर एकट्या आईचं नाही


व्यवस्थेला शिव्या आपण रोजच घालतो. आज घरातलं बोलू.

बाई बांधकामावर रेती वाहायला जाते. खोलीत सहा वर्षांची पोरगी तान्ह्याला सांभाळते. बाहेरून कडी. पांढरपेशे म्हणतात, ह्यांना पोरांची काळजीच नाही. मी म्हणतो, कडी घालणाऱ्या बाईला विचारा, दिवसभर तिचा जीव कुठं असतो!

1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात कामकरी बाईच्या बाळंतपणाच्या बिलाची बाजू घेतली. आईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं, असं ते म्हणाले. 1996 च्या बांधकाम मजूर कायद्यानं सांगितलं, पन्नासहून जास्त बाया कामावर असतील तिथं सहा वर्षांखालच्या पोरांसाठी खोली हवी. खोली कागदावर आली. किती साइटवर ती बांधली, हे ठेकेदाराला मोर्चा नेऊन विचारलं पाहिजे.

पण बाप कुठाय? 2015 चा बालन्याय कायदा मुलाची जाणूनबुजून हेळसांड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. त्यात फक्त आई असं लिहिलेलं नाही. मग आपलं बोट तिच्याकडंच का?

नाक्यावर क्रांती बोलणाऱ्यांनो, सांगा : पोर कितवीत आहे? कुठली लस राहिलीय? तापात दवाखान्याच्या लायनीत कोण उभं होतं? पगार फेकला की बाप होत नाही. आणि गुत्त्यावर गेलेला पैसा पोराच्या दुधाचा असतो.

शेजारी पोर उपाशी असेल, मार खात असेल, तर गप्प बसू नका. 1098 लावा.

पाळणाघर ठेकेदाराकडून भांडून घेऊ. बापपण मात्र आपलं आपणच निभवायचं. त्याला कुठलाही मोर्चा लागत नाही.

जय भीम!