केस पेपरवरची लाल खूण

दोस्तांनो, तुमच्यापैकी बरेच जण जीएनएम, डीएमएलटी, डी. फार्म किंवा बीयूएमएस करताय. त्यामुळे एचआयव्ही कसा होतो, हे मी सांगत बसणार नाही. ते तुमच्या पुस्तकात आहे. तो झालेल्या माणसाशी आपण दवाखान्यातले लोक कसं वागतो, त्याबद्दल बोलतो. समुपदेशक म्हणून मी रोज तेच पाहतो.

वॉर्डात शिरलात की कळतं. केस पेपरच्या कोपऱ्यात लाल पेनची खूण. खाट अगदी शेवटची, संडासाजवळची. ड्रेसिंग करताना त्याच्यासाठी दोन-दोन हातमोजे, शेजारच्यासाठी एकही नाही. ऑपरेशनच्या यादीत नाव सगळ्यांत शेवटी, आणि मग ‘आज वेळ संपली’. कुणी ओरडत नाही, हाकलत नाही. नुसती चिठ्ठी देतात, ‘मोठ्या रुग्णालयात दाखवा’. नऊ महिने भरलेली बाई अशी चिठ्ठी घेऊन रिक्षानं आमच्याकडे आलेली मी पाहिली आहे. कळा सुरू झालेल्या होत्या.

विचारलं तर म्हणतात, ‘आम्हालाही मुलंबाळं आहेत.’ भीती खरी आहे, मी तिला हसत नाही. पण हिशेब करू. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. त्यावरही औषध आहे : शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करायचं, २८ दिवस घ्यायचं. हेपटायटिस बीची लस न घेतलेल्याला तीच सुई टोचली तर धोका शंभरात तीसपर्यंत जातो. तरीही त्या रुग्णाच्या कागदावर लाल खूण नसते. ‘तुला हे कुठून लागलं?’ असं त्याला कुणी विचारत नाही. म्हणजे गोष्ट निव्वळ विषाणूच्या भीतीची नाही. आपण त्या माणसाच्या चारित्र्याचा निकाल देऊन बसलेलो असतो. आणि नवऱ्याकडून लागण झालेल्या बाईलाही तोच निकाल लागू होतो!

गोव्याचे डॉमिनिक डिसोझा आठवतात का? तुमचा जन्म तेव्हा झालेला नव्हता. ते नियमित रक्तदान करणारे तरुण. १९८९ साली रक्त तपासणीत एचआयव्ही निघाला, आणि पोलिसांनी त्यांना नेऊन एका बंद पडलेल्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडलं. तेव्हाचा गोव्याचा कायदाच तसा होता. सुटल्यावर ते गप्प बसले नाहीत, बाधितांसाठी संस्था काढली. १९९२ मध्ये गेले.

आज कायदा उलट बाजूनं उभा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचारात भेदभाव करायचा नाही. संमतीशिवाय तपासणी नाही. उपचारासाठी ज्याला कळणं गरजेचं आहे त्याच्याखेरीज कुणाला सांगायचं नाही. मग वॉर्डबॉय, नातेवाईक, शेजारी सगळ्यांना दिसणारी ती लाल खूण कशात बसते? वीस किंवा अधिक माणसं असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. हाच कायदा तुमच्याही बाजूनं आहे, हे मात्र कॉलेजात सांगत नाहीत. हातमोजे, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यावरची औषधं देणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. हातमोजे संपले असतील तर भांडण व्यवस्थापनाशी करा, खाटेवरच्या माणसाशी नको.

एक गोष्ट आपल्या घरातली. मय्यत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून देतात आणि बजावतात, ‘उघडू नका, गुस्ल देऊ नका.’ घरचे घाबरतात, मोहल्ल्यात कुजबुज होते, आणि माणूस गेल्यावरही त्याचं गुपित उघडं पडतं. वास्तविक हातमोजे आणि ॲप्रन घालून, जखमा नीट झाकून गुस्ल देता येतो. खरं तर ही काळजी प्रत्येक मय्यतीला घ्यायला हवी, कारण कोणाला कोणता आजार होता हे दरवेळी कुठं माहीत असतं? मशिदीत गुस्ल देणाऱ्या चाचांना हे कोण शिकवणार? नर्सिंगची मुलं-मुली शिकवू शकतील. पुरुषांना मुलांनी, बायकांना मुलींनी. एका दुपारचं काम आहे.

आता तुमचे प्रश्न. १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आधी लिहून घ्या. आणि सगळ्यांसमोर विचारायला अवघड वाटत असेल, तर चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका.