वाट पाहण्याचे मानधन कोण देणार?

(चारकोप येथे स्त्रियांच्या गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ठरला तेव्हा आपल्यातल्याच दोघींनी मला विचारले, कॉलेजात शिकवणाऱ्या बाईचा प्रश्न हा स्त्री-चळवळीचा प्रश्न कसा काय? घरकाम करणाऱ्या आहेत, कचरा वेचणाऱ्या आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्यापुढे एम.ए., पीएच.डी. झालेल्या बाईचे दुखणे ते काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

अंगणवाडी सेविकेला सरकार पगार देत नाही, मानधन देते. कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे आपण ज्याला सीएचबी म्हणतो त्या पद्धतीने शिकवणाऱ्या बाईलाही पगार मिळत नाही, मानधनच मिळते. शब्द एकच आहे आणि त्यामागचा हिशोबही एकच आहे. बाई काम करते ते हौसेने, सेवाभावाने. तिच्या घरात कमावणारा दुसरा कुणीतरी आहे. तेव्हा तिला चार पैसे दिले की झाले. शिक्षणाने हा हिशोब बदलेल असे आपल्याला सांगितले गेले होते. तो बदललेला नाही, आणि म्हणून हा प्रश्न आपला आहे.

आपल्या चारकोपचेच पाहा. जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेतून ऐंशीच्या दशकात म्हाडाने इथे लहान लहान भूखंड पाडले, सोसायट्या झाल्या, लोकांनी पदरमोड करून एकेक खोली वाढवली. त्या घरांतल्या मुली शिकल्या. आईने शिवणकाम करून, पापड लाटून शिकवल्या. आज सेक्टरांमधून फिरलात तर दारोदारी क्लासच्या पाट्या दिसतील. त्यातल्या कितीतरी पाट्यांमागे नेट-सेट झालेली, एखादी पीएच.डी. झालेली बाई आहे. सकाळी बसने कांदिवली स्टेशन, तिथून लोकलने विरारकडे किंवा चर्चगेटकडे, दोन तास शिकवायचे, दुपारी घरी, स्वयंपाक, संध्याकाळी दहावीचे क्लास. ‘सध्या सीएचबीवर आहे, कायमची जागा निघायची आहे’ असे ती सांगते. हे ‘सध्या’ पाच वर्षे चालते, दहा वर्षे चालते. मी स्वतः अकरा वर्षे या ‘सध्या’त काढली आहेत.

ही वाट इतकी लांबते कशी, ते आधी समजून घेऊ. कारण वाट पाहणाऱ्या बाईला वाटत राहते की आपल्यातच काही कमी आहे.

पहिली गोष्ट पात्रतेची. नेट परीक्षा १९८९ पासून आहे. १९९१ च्या नियमांनी ती अध्यापकाच्या नोकरीसाठी आवश्यक ठरवली. पुढे महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची सेट आली. २०१८ च्या नियमांत म्हटले की विद्यापीठात साहाय्यक प्राध्यापक व्हायला २०२१ पासून पीएच.डी. लागेल. ती मुदत २०२३ पर्यंत पुढे ढकलली. आणि २०२३ च्या जूनअखेरीस सांगितले की पीएच.डी.ची सक्ती नाही, नेट, सेट चालेल. मधल्या पाच वर्षांत ज्या बायकांनी लहान मुले पदरात घेऊन, रात्री जागून, घाईघाईने प्रबंध पुरे केले, त्यांच्या त्या वर्षांचा हिशोब कुणी मागितला नाही.

दुसरी गोष्ट जागांची. अनुदानित कॉलेजात प्राध्यापक निवृत्त झाला म्हणजे त्याची जागा आपोआप भरली जाते असे लोकांना वाटते. तसे होत नाही. सरकारची परवानगी लागते, बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, ना-हरकत पत्र लागते, मग जाहिरात निघते. २०१७ साली राज्य सरकारने प्राध्यापक भरती थांबवली. २०१८ च्या नोव्हेंबरात ३५८० जागांना परवानगी दिली. त्या पुऱ्या भरून होण्याच्या आत मे २०२० मध्ये कोरोनाचे कारण देऊन नोकरभरतीच थांबली. नोव्हेंबर २०२१ मध्ये राहिलेल्या २०८८ जागांना पुन्हा परवानगी आली. पण या सगळ्या काळात शिकवणे बंद नव्हते. मुले शिकत होती, तास होत होते, परीक्षा होत होत्या. ते तास कुणी घेतले? सीएचबीवाल्यांनी. म्हणजे भरती थांबली तरी काम थांबले नाही. वाट पाहणाऱ्यांच्या जिवावर ते चालू राहिले. उद्या या सगळ्यांनी वाट पाहणे सोडून दिले तर कितीतरी कॉलेजांना कुलूप लावावे लागेल. तेव्हा वाट पाहणे म्हणजे रिकामपण नव्हे. ते काम आहे, आणि त्याचे मोल कुणी देत नाही.

आता पैशाचे बोलू. हिशोब सोपा जावा म्हणून तासाला हजार रुपये धरा आणि आठवड्याला नऊ तास. महिन्याचे छत्तीस हजार होतील असे वाटते. पण दिवाळीची सुट्टी आली, तास नाही, पैसे नाहीत. परीक्षा आल्या, तास नाही. गणपती, मोर्चा, पावसाने गाड्या बंद, तास नाही. मे महिना कोरडा. बिल सहसंचालकांच्या कार्यालयातून मंजूर होऊन येईपर्यंत महिनेच्या महिने जातात. त्याच कॉलेजात, त्याच वर्गावर, तोच विषय शिकवणाऱ्या कायम साहाय्यक प्राध्यापकाची मूळ वेतनाची सुरुवातच सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपये आहे, वर भत्ते वेगळे, आणि ते बारा महिने. शिवाय पेपर तपासणे, पर्यवेक्षण, नॅकच्या फायली, स्नेहसंमेलन, ही कामे सीएचबीच्या बाईला ‘मॅडम, जरा मदत करा’ म्हणून सांगितली जातात. नाही म्हणायची सोय नाही, कारण पुढच्या जूनमध्ये नेमणूक पुन्हा नव्याने व्हायची असते.

आणि याच्यावर कडी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा एक नियम आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे बढतीसाठी मागची तात्पुरती सेवा धरायची तर त्या काळातले एकूण वेतन कायम साहाय्यक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे आधी तुम्ही कमी पैसे द्यायचे, आणि मग कमी पैसे मिळाले म्हणून ती सेवा धरायची नाही. कायमची जागा मिळालीच, तर चाळिशीतली बाई पंचविशीतल्या मुलाबरोबर पहिल्या पायरीवर उभी राहते.

हे सगळे पुरुषांनाही भोगावे लागते, हे मला मान्य आहे. सीएचबीवरचा मुलगा लग्नाचा राहतो, गावी बापाची बोलणी खातो. त्याचे दुःख खोटे नाही. पण बाईच्या वाट पाहण्यात आणखी काही गोष्टी मिसळतात, त्या वेगळ्या काढून पाहायला हव्यात.

एक, डोनेशन. जागेसाठी पैसे मागितले जातात हे महाराष्ट्रात शिकलेल्या कुठल्याही घरात नवे नाही. त्याची पावती मिळत नाही, म्हणून पुरावाही राहत नाही. पण हे पैसे कुणासाठी उभे केले जातात ते पाहा. मुलाच्या नोकरीसाठी शेताचा तुकडा विकणारा बाप मुलीच्या नोकरीसाठी विकत नाही. तिच्यासाठी तो हुंडा जमवत असतो. सासरचे म्हणतात, माहेरच्यांनी द्यावेत. माहेरचे म्हणतात, आता ती तुमची. बाई मध्येच राहते. शिवाय ज्या दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या मुली घरातल्या पहिल्याच पदवीधर आहेत, त्यांना तर माहेर आणि सासर दोन्हीकडून काही उभे राहण्यासारखे नसते. राखीव जागा कागदावर असते, पण भरती थांबते तेव्हा तीही थांबते.

दोन, मुलाखत. मुलाखतीसाठी कोकणात जावे लागते, मराठवाड्यात जावे लागते. झेरॉक्सचे गठ्ठे, रात्रीची एसटी, बरोबर नवरा किंवा भाऊ. आणि आत गेल्यावर विषयाचे दोन प्रश्न झाले की, ‘मिस्टर काय करतात? मुले किती? लहान आहेत का? मुंबई सोडून इकडे राहाल का?’ हे प्रश्न मला एकदा नाही, चार ठिकाणी विचारले गेले. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या उमेदवाराला त्याची बायको काय करते हे कुणी विचारले नाही. निवड झाली नाही असे कळवणारे पत्रही कधी आले नाही. न कळवणे हेच उत्तर समजायचे.

तीन, बाळंतपण. वाट पाहण्याची वर्षे आणि मूल होण्याची वर्षे तीच असतात. तासावर नेमलेली बाई गरोदर राहिली की ‘पुढच्या टर्मला बघू’ म्हणतात आणि नाव यादीतून जाते. बाईही गप्प राहते, कारण तिला वाटते आपल्याला कसली आली रजा.

इथे मला तुम्हाला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्री कामगारांच्या प्रकरणात निकाल दिला. रस्ते बांधणाऱ्या, खड्डे खणणाऱ्या या बायका हजेरीपटावरच्या होत्या. त्या कायम नाहीत म्हणून त्यांना बाळंतपणाचा लाभ नाही, असे पालिका म्हणत होती. न्यायालयाने सांगितले, रोजंदारीवरच्या बाईलाही तो मिळाला पाहिजे. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. २०२३ साली कविता यादव यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की कंत्राटाची मुदत मधेच संपली तरी मातृत्वाचा लाभ पूर्ण द्यावा लागतो. खड्डे खणणाऱ्या बायांनी संघटना करून जे मिळवले, ते पीएच.डी. झालेल्या बाईला माहीतही नसते. ती स्वतःला कामगार समजत नाही, ‘मॅडम’ समजते. ही मॅडमपणाची झूल उतरवल्याशिवाय आपल्याला काही मिळणार नाही.

अंगणवाडी सेविकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, तुरुंगात गेल्या. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असे सांगितले. मानधन म्हटले म्हणून काम हे काम राहत नाही असे नाही, हे त्यांनी सिद्ध केले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी साहाय्यक प्राध्यापकांच्या बाबतीतही न्यायालयाने समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लावले आणि किमान वेतनश्रेणी द्यायला सांगितले. तीस हजारांवर त्यांना राबवले जात होते. गुरूचे गोडवे गाऊन भागत नाही, त्याला नीट वेतनही द्यावे लागते, असा त्या निकालाचा सूर आहे. तो निकाल आपोआप आपल्या तासिकांना लागू होईल असे मी म्हणत नाही. पण मागणी करायला आधार आहे.

शिकलेल्या बाईला दारात उभे ठेवण्याची आपली परंपरा जुनी आहे. कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, १९३३ साली मुंबईहून पहिल्या वर्गात पदवी घेऊन बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. मग एक वर्ष अटींवर, चाचणी म्हणून घेतले. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट झाली, तरी मुंबईच्या विज्ञान संस्थेत संचालकपद मिळायला त्यांना वर्षे थांबावे लागले. एवढ्या मोठ्या बाईची ही कथा. तेव्हा थांबवले जाणे हे गुणवत्तेचे माप नाही, हे प्रत्येकीने मनाशी पक्के करावे.

मग करायचे काय? मोठ्या घोषणा मी करत नाही. करता येण्यासारख्या चार गोष्टी सांगते.

नेमणुकीचे पत्र लेखी घ्या. प्रत्येक वर्षाचे, प्रत्येक कॉलेजचे. घेतलेल्या तासांची वही स्वतः ठेवा, आणि तासांखेरीज केलेली कामेही तारखेसह लिहा. वर्षअखेरीस अनुभवाचा दाखला मागा.

गरोदर असाल तर गप्प बसू नका. अर्ज लेखी करा, पोच घ्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा आणि आपल्या गटाकडे या.

त्रास झाला तर लक्षात ठेवा, २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा तात्पुरत्या, हंगामी, रोजंदारीवरच्या सगळ्या बायकांना लागू आहे. ‘तुम्ही इथल्या नाहीच’ असे म्हणून अंतर्गत समितीला तक्रार टाळता येत नाही.

आणि चौथी गोष्ट, प्राध्यापकांच्या संघटनांमध्ये जा, तिथे सीएचबीच्या बायकांचा प्रश्न शेवटच्या कलमात न राहू देता वर आणा. कायम प्राध्यापिकांनाही माझे सांगणे आहे: तुमच्या रजेच्या काळात तुमचा वर्ग सांभाळणारी ती बाईच आहे. तिच्या बाजूने उभ्या राहा.

घरातल्यांनाही एक सांगायचे आहे. ‘एवढी शिकून काय उपयोग झाला’ हे वाक्य सीएचबीवरच्या बाईला बाहेर कुणी म्हणत नाही, घरात म्हणतात. उपयोग झालेला आहे. तिने शिकवलेली मुले आज बँकेत आहेत, शाळेत आहेत, पालिकेत आहेत. उपयोग झाला, मोबदला मिळाला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पुढच्या बैठकीला येताना आपापली नेमणुकीची पत्रे घेऊन या. ज्यांच्याकडे पत्रे नाहीत, त्यांनी कुठल्या वर्षी किती तास घेतले ते आठवून लिहून आणा. सगळ्यांची वर्षे एका कागदावर मांडू आणि बेरीज करू. ती बेरीज घेऊन मग सहसंचालकांकडे जाऊ.