नोकरीचे स्थळ पाहताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आई शिवणवर्गाला येई, तेव्हा याच सभागृहात सतरंजीवर मी झोपत असे. आज येथेच उभे राहून बोलताना संकोच वाटतो. पण सुट्टीवर आल्यापासून जी ती विचारते, ‘अमेरिकेत तू करतेस तरी काय?’ तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, सगळ्यांना एकदाच सांगून टाक.

मी पी. ए. आहे. आपल्याकडे पी. ए. म्हणजे मंत्र्यांच्या मागून फायली घेऊन धावणारा गृहस्थ. तिकडे तो फिजिशियन असिस्टंट. डॉक्टर नव्हे आणि परिचारिकाही नव्हे. हे शिक्षण १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या चौघांना घेऊन सुरू केले. पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षे शिकून परीक्षा दिली, की डॉक्टरांच्या जोडीने रोगी तपासायचे, औषधे लिहून द्यायची, टाके घालायचे. ‘जोडीने’ हा शब्द तेवढा ध्यानात ठेवा.

परीक्षा उत्तीर्ण झाले आणि महिन्याच्या आत नेब्रास्का राज्यातल्या एका लहान गावाहून बोलावणे आले. चहूकडे मक्याची शेते, २५ खाटांचे इस्पितळ, पुढचे मोठे इस्पितळ ९० मैलांवर. काम कॅज्युअल्टीतले. पगार शहराहून बराच जास्त, शिवाय सही करताच २०,००० डॉलर. मात्र तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ते परत करायचे. माझ्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज होते. यजमान म्हणाले, “लवकर मोकळे होऊ.” आईला फोन केला, तर ती म्हणाली, “मुलात काही उणे असल्याखेरीज वरपक्ष एवढा थाट करीत नाही. आधी घर बघून ये.”

गेले. इस्पितळाच्या भरतीचे काम पाहणाऱ्या बाई मोठ्या गोड. त्यांनी शाळा दाखवली, तळे दाखवले, भाड्याचे घरसुद्धा दाखवले. मी विचारले, “रात्री कॅज्युअल्टीत कोण असते?” त्या हसून म्हणाल्या, “तुम्हीच की!” पाळी २४ तासांची. डॉक्टर आपल्या घरी. पहिल्या तीन पाळ्या कोणाच्या तरी बरोबर काढायच्या, चौथीपासून एकटीने.

यात बेकायदा काही नाही बरे! अशा लहान इस्पितळांत बोलावल्यावर साधारण अर्ध्या तासात डॉक्टर किंवा माझ्यासारखी पी. ए. हजर झाली, की नियम पाळला गेला. डॉक्टर फोनवर मिळाला म्हणजे पुरे. आणि १९८६ च्या कायद्याप्रमाणे दारात आलेल्याला तपासल्यावाचून, सावरल्यावाचून पुढे धाडता येत नाही. ते योग्यच आहे. पण ट्रॅक्टरखाली सापडलेला शेतकरी आला, बाहेर हिमवादळ, हेलिकॉप्टर जमिनीवर, अशा वेळी ते सावरणे माझ्या दोन हातांवर येणार. श्वासनलिकेत नळी घालण्याचे काम मी शिकताना पाच वेळा केले होते. त्यांपैकी दोनदा ती चुकली होती आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी ती माझ्या हातून घेतली होती.

याच नेब्रास्कात १९७६ साली डॉ. जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदांचे विमान शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले जबर जखमी झाली. लहान इस्पितळात मिळालेले उपचार त्यांना फार अपुरे वाटले. त्यातून त्यांनी व सहकाऱ्यांनी जखमींवरील पहिल्या उपचारांचा जो अभ्यासक्रम १९७८ मध्ये सुरू केला, तो आज जगभर शिकवतात. मीही तो शिकले आहे. पण पाककृती पाठ असणे निराळे आणि शंभर पाने उठवणे निराळे, हे तुम्हांला मी काय सांगावे!

स्थळाची खरी माहिती मध्यस्थाकडून मिळत नाही, ती शेजारणीकडून काढावी लागते. म्हणून मी त्या रात्री तिथेच थांबण्याची परवानगी मागितली. रात्रपाळीची परिचारिका साठीची, मनाची मोकळी. औषधांच्या खोलीत तिला विचारले, “फोन केला तर डॉक्टर उठून येतात का?” ती गोळ्या मोजीत होती. मोजणे संपवून म्हणाली, “फोन घेतात.” नंतर माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुमच्या आधीची मुलगी चार महिने राहिली. हुशार होती हो.”

घरी येऊन पत्र लिहिले. सहा महिने डॉक्टर माझ्या पाळीत असावेत, वर्षभर रात्री एकटीला ठेवू नये आणि नोकरी सोडल्यावर कोणी दावा लावला तर त्या विम्याचा खर्च इस्पितळाने द्यावा. शेवटची अट एका वरिष्ठ मैत्रिणीने सुचवली होती, मला ती कधी सुचली नसती. सभ्य उत्तर आले : विम्याचे मान्य, बाकीचे जमणार नाही.

आता मी शहरातल्या मोठ्या कॅज्युअल्टीत आहे. पगार कमी, कर्ज अजून डोक्यावर, यजमान अधूनमधून त्या २०,००० ची आठवण काढतात. पण शेजारी डॉक्टर असतात आणि नळी आता बहुधा पहिल्याच प्रयत्नात बसते.

माझ्या नकाराने त्या गावाचे काही भले झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. नाताळात त्या परिचारिकेचे पत्र आले. जागा अद्याप रिकामी आहे, महिन्याच्या बोलीने परक्या गावचे कोणी ना कोणी येऊन जाते. मी तिला कळवले आहे, की आणखी दीड वर्षाने मला पुन्हा विचारा, अटी तेव्हाही घालीन, पण थोड्या कमी.