अज्ञातवासातील डिझेल इंजिन



रेल्वेच्या इतिहासाचा विषय निघाला की वाफेच्या इंजिनाचे स्मरण प्रथम होते. त्याची शिटी, त्याचा धूर आणि कोळशाच्या धगीत राबणारा फायरमन यांना लोकांच्या मनात कायमचे स्थान मिळाले आहे. वाफेच्या इंजिनानंतर आलेल्या डिझेल इंजिनाने देशाची वाहतूक अर्धशतकाहून अधिक काळ वाहिली. परंतु सेवेतून बाद झाल्यावर त्याचे पुढे काय झाले, याची चौकशी फारच थोडे लोक करतात. ती कशी करावी आणि का करावी, याचा विचार रायगड जिल्ह्याच्या उदाहरणावरून करणे उचित ठरेल.

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने उभारलेला नेरळ-माथेरान हा लोहमार्ग १९०७ साली सुरू झाला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट आहे. काही ठिकाणी वीस फूट अंतरात एक फूट इतका खडा चढ असून वळणेही अतिशय तीव्र आहेत. यासाठी जर्मनीतील ओरेन्स्टाइन आणि कोपेल कंपनीची वाफेची इंजिने आणण्यात आली. वाटेत त्यांना पाणी घ्यावे लागे. ‘वॉटरपाइप’ या स्थानकाचे नाव त्याच गरजेची खूण होय.

१९५५ च्या सुमारास जर्मनीतील आर्नल्ड युंग कंपनीची डिझेल इंजिने भारतात आली. या इंजिनांपैकी काही माथेरानसाठी, तर काही कालका-सिमला मार्गासाठी होती. जिल्ह्याचे नाव त्या वेळी कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. नव्या इंजिनांना कोळसा लागत नव्हता आणि वाटेत पाण्यासाठी थांबण्याचेही कारण उरले नाही. वाफेची इंजिने हळूहळू मागे पडली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी निवृत्त झाली.

पुढे या दोन पिढ्यांच्या वाट्याला आलेली वागणूक लक्षात घेण्यासारखी आहे. माथेरानच्या वाफेच्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पोहोचले, तर एक थेट इंग्लंडला गेले. डिझेल इंजिनाला असा मान क्वचितच लाभतो. त्याचे यंत्र पत्र्याच्या आवरणाआड असते, चाकांना हलविणारे दांडे दिसत नाहीत. त्यामुळे ते पाहणाऱ्याच्या मनात कौतुक निर्माण करीत नाही. दांडे आणि धूर यांच्या अभावी ते ‘जुने’ वाटत नाही, आणि जुने वाटेपर्यंत ते शिल्लक राहत नाही.

किनारपट्टीच्या बाजूसही हेच चित्र दिसते. दिवा-पनवेल मार्ग १९६४ साली झाला. त्याच वर्षी वाराणसीच्या कारखान्यातून डब्ल्यूडीएम-२ या वर्गाचे पहिले देशी बांधणीचे इंजिन बाहेर पडले. २,६०० अश्वशक्तीची ही इंजिने पुढे देशभर पसरली. १९८६ साली लोहमार्ग रोह्यापर्यंत आला. तेथून पुढे कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ साली खुला झाला आणि १९९८ साली संपूर्ण मार्ग जोडला गेला. या सर्व वाटचालीत भार डिझेल इंजिनांनीच वाहिला. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले आणि डिझेल इंजिनांची गरज झपाट्याने घटली.

सेवेतून बाद होणारे इंजिन एकाएकी नाहीसे होत नाही. त्याचे आयुर्मान आणि दुरुस्तीचा खर्च तपासून ते बाद करण्याचा प्रस्ताव तयार होतो. मंजुरी मिळाली की उपयोगी सुटे भाग काढून घेतले जातात व सांगाडा बाजूच्या रुळावर उभा राहतो. पुढे लिलाव होतो, गॅसच्या ज्योतीने पोलादाचे तुकडे केले जातात आणि ते वितळविण्यासाठी भट्टीत जातात. यात वावगे काहीच नाही. पोलादाचा पुनर्वापर ही राष्ट्रीय बचतच होय. मात्र सांगाडा उभा असण्याच्या या मधल्या काळातच त्याचा इतिहास जपता येतो. तो काळ निसटला की शोध कागदावरच करावा लागतो.

या शोधाची पहिली किल्ली म्हणजे इंजिनाचा क्रमांक. दुसरी किल्ली कारखान्याची पट्टी. तीवर निर्मात्याचे नाव, बांधणीचा अनुक्रमांक आणि वर्ष कोरलेले असते. रंग बदलतो, क्रमांकही बदलू शकतो, परंतु ही पट्टी बहुधा टिकते. मात्र सुटी करून विकली जाण्याचा धोका तिलाच अधिक असतो. तिसरे साधन शेडमधील दुरुस्तीच्या नोंदी, आणि चौथे, तितकेच मोलाचे, म्हणजे निवृत्त चालक, फिटर व गँगमन यांच्या आठवणी. कागद आणि आठवण यांचा मेळ बसला तरच निष्कर्ष ग्राह्य मानावा. एकाच वर्गाची इंजिने एकसारखी दिसत असल्याने केवळ छायाचित्रावरून ओळख ठरविणे धोक्याचे असते.

शिक्षकांना या कामात मोठी संधी आहे. नेरळ, कर्जत, पनवेल, पेण किंवा रोहा येथील शाळांतील विद्यार्थ्यांनी निवृत्त रेल्वे कामगारांच्या मुलाखती तारीखवार लिहून ठेवल्या, तर भूगोल, इतिहास आणि यंत्रशास्त्र यांचा एकत्र पाठ होईल. पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील जुन्या रेल्वे वस्तूंची यादी करून संबंधित रेल्वे कार्यालयास कळवावी. रेल्वेच्या परवानगीविना कोणत्याही वस्तूस हात लावू नये.

एखादे इंजिन गावात प्रदर्शनार्थ मिळावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याआधी छप्पर, रंगरंगोटी आणि वार्षिक देखभालीची तरतूद हवी. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात उघड्यावरचा पत्रा लवकरच सडतो. मोठ्या समारंभाने आणलेले इंजिन गंजून पुन्हा भंगारात जावे, यापेक्षा ते योग्य संग्रहालयात जाणे आणि गावात त्याची सचित्र, विश्वसनीय नोंद राहणे अधिक हिताचे ठरते.

प्रत्येक इंजिन वाचविणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. परंतु ते कोठून आले, कोणी चालविले आणि त्याचा शेवट कोठे झाला, एवढे लिहून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. ज्यांनी ही इंजिने चालविली ती माणसे आज वृद्ध झाली आहेत. त्यांच्या आठवणींची नोंद करण्याचे काम पुढे ढकलता येण्याजोगे नाही.